राव राहिला

"आजीबाई, हे कोर्ट बांधलं तेव्हाचं काही आठवतं का तुम्हाला?"

सरंजामे वकिलानं बाकावर आधी रुमाल अंथरला, त्यावर बूड टेकलं आणि मग मला हे विचारलं. मी भाकरी थापत होते. हात थांबवला नाही.

"आठवतं की," मी म्हटलं. "पहिल्या दगडाला हळदकुंकू मीच लावलं."

"अहो, कोर्टाला शंभर वर्षं होतायत."

"मग? मी काय पोरसवदा दिसते तुम्हाला?"

हसला. दात अजून सगळे जागेवर होते मेल्याचे.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली माझी चूल होती. तारखेला आलेली माणसं माझ्याकडं झुणका-भाकर खायची. वकील लोक वर, बार रूममध्ये, डबे उघडायचे. सरंजामे तर उभ्या जन्मात कधी चिंचेखाली फिरकला नव्हता. पण ह्या वेळी गरज त्याला होती. कोर्टाच्या शतकाचा मोठा सोहळा ठरला होता, हायकोर्टाच्या न्यायमूर्ती येणार होत्या, आणि कोर्टाचा इतिहास सांगायचं काम जिल्ह्यातला सगळ्यात मोठा वकील म्हणून ह्याच्याकडं आलं होतं. भाषणही त्याचं, स्मरणिकेतला लेखही त्याचा. वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयाला त्याचं नाव द्यायचं, तेही त्याच दिवशी जाहीर व्हायचं होतं. हे सगळं मला कसं ठाऊक? कोर्टात काय शिजतंय ते चुलीपाशी बसणाऱ्या बाईला आधी कळतं.

त्यानं मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? माझ्यासारख्या बाया त्याच्या दाढेखालून कित्येक गेल्या असतील. ज्याच्या पाठीवर वळ उठतो त्याच्या लक्षात राहतं, छडी विसरून जाते.

ह्या माणसानं आमच्या ह्यांचा आवाज नेला होता. मला त्याचा न्यायचा होता. कसा, ते मात्र त्या सकाळपर्यंत ठरलं नव्हतं.

त्यानं पिशवीतनं टेपरेकॉर्डर काढला, बाकावर ठेवला, बटण दाबलं. "हं, बोला. हे काळे दगड कुठून आले?"

"हत्तीवरून."

"हत्तीवरून?"

"तर. सगळे हत्ती परत गेले, एक मात्र दमून इथंच बसला. उठेचना. इंग्रज साहेब म्हणाला, राहू द्या, टाका ह्याच्यावरच गच्ची. ती बघा, नाझराची कचेरी. दुपारी जेवणानंतर कान लावा, आत घोरताना ऐकू येतो अजून."

त्यानं बटण बंद केलं. "आजीबाई, चेष्टा पुरे. मला खरं काहीतरी हवंय. दगड किती, खर्च किती, ते कागदात आहे, ते कुणीही सांगेल. मला लोकांच्या ओठावरचं पाहिजे. एखादं गाणं, एखादी ओवी. न्यायमूर्तींनी म्हटलं पाहिजे, वा सरंजामे, हे कुठून आणलंत!"

"असं होय."

"आता हा जिनाच बघा." त्यानं बोट दाखवलं.

आमच्या कोर्टाचा जिना इमारतीच्या पोटात नाही, बाहेर आहे. रुंद, काळ्या दगडाचा. खालून बघितला की राजवाड्याची शोभा आहे, आणि वर गेलं की सागवानी दार. त्या दारात आमचे हे उभे राहायचे.

"एवढा भव्य जिना बाहेर का बांधला?" सरंजामे म्हणाला. "कुठल्याच कागदात नाही. ह्या जिन्याचं काही ऐकलंय?"

माझा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, तरी माझं लक्ष नाही.

"ऐकलंय की," मी म्हटलं. "साहेब विसरला होता."

"काय विसरला?"

"जिना. दोन मजले चढवले, वर घड्याळाचा मनोरा उभा केला, आणि मग ध्यानात आलं की वर जायचं कुठून? पहिल्या जज्जाला हाऱ्यात बसवून दोरानं वर ओढला. अर्ध्यात दोर अडकला, तर त्यानं एका खटल्याचा निकाल तिथंच लोंबकळत दिला. मग घाईघाईनं हा बाहेरून जिना लावला."

ह्या वेळी तो हसला नाही. डोळे बारीक केले. खोटं कसं असतं बघा, हत्ती नाही पचला, पण साहेबाचा विसरभोळेपणा पटकन पचला.

"आणि जिन्याचे दगड वाहायला बायाच लावल्या," मी सांगत गेले. "त्या दगड वाहताना काहीतरी म्हणायच्या. आमच्या सासूबाई म्हणून दाखवायच्या ते."

"म्हणा! म्हणा ना!" त्यानं बटण दाबलं.

मी हात धुतले. पदर डोक्यावर घेतला. हे मी कधी कुणासमोर म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. घसा साफ केला आणि म्हटलं:

काळ्या दगडाचं कोर्ट, त्याला सागवानी दार,
सोपानाचं नाव घेते, न्याय द्या सरकार.

त्यातला एक शब्द मी गिळला होता. अर्धाच शब्द. तो पुढं येईल.

सरंजामे उठून उभाच राहिला. "सोपान! आजीबाई, सोपान! तुम्हाला माहितीय का सोपान म्हणजे काय?"

मी करपलेली भाकरी तव्यावरनं उतरवली. "नाही बाई."

"सोपान म्हणजे जिना! संस्कृत शब्द आहे! अहो, ह्या अडाणी बायकांनी जिन्यालाच देव केलं. पायऱ्यांचं नाव घेऊन सरकारकडं न्याय मागतायत! काय कल्पना आहे! न्यायाकडं चढत जाणारा सोपान!"

"अगंबाई. असं आहे होय ते?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला कसं कळणार, साहेब? भाकरी वाढू?"

"नको, नको." रुमाल झटकला, घडी घातली आणि गेला. त्या जिन्यावरनं वर गेला, एकेका पायरीकडं लाडानं बघत.

देवाशपथ सांगते, मी नुसता तोंडाचा शब्द दिला. जिना त्याचा त्यानंच बांधला.

फाटकापाशी शेवंता फुलं घेऊन बसायची. तिथंच बसून म्हातारी झाली. तिचा एक पाय गुडघ्यापासून वाकडा, त्यामुळं ती पाटावर तिरकी बसायची. त्याला जाताना बघून तिनं तिथनंच आरोळी दिली, "गोजरेऽ, त्यो मुडदा काय करत हुता तुझ्याकडं?"

"कोर्टाचा इतिहास विचारत होता."

"मग माझ्या पायाचा सांगितलास का?"

"सांगायचाय. सोहळ्याला नवं लुगडं नेसून ये."

आमचे हे कोर्टात पुकारेवाले होते. कमरेला लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून नाव पुकारायचं, तीनदा. पहिल्या पुकाऱ्याला मनोऱ्यातली सगळी कबुतरं उठायची. दुसऱ्याला चिंचेखालचा माणूस हातातला घास टाकून धावायचा. तिसरा पुकारा नदीपलीकडं जायचा. एकदा चंद्राबाई म्हणून कुणाला पुकारलं, तर पलीकडच्या गवळ्याची चंद्री म्हैस दावं तोडून, पोहत, कोर्टाच्या दारात येऊन उभी राहिली. खोटं नाही सांगत. कारकुनानं तिची हजेरी लावली.

आणि दुपारी त्याच पायरीवरनं हाक यायची, "गोजरेऽऽ, भाकरी!" भाजी आणायला गेले असले की एसटी स्टँडवरच्या बाया मला टोमणे मारायच्या, "जा बाई, तुझा दादला सगळ्या शहराला सांगतोय भूक लागली म्हणून." मी लाजून मरायची. पण हाक आली नाही तर करमायचं नाही.

मग शेवंताच्या पायाचा खटला उभा राहिला.

गुळाच्या एका अडत्याच्या पोरानं नवीन जीप आणली होती. दारू पिऊन आला आणि फाटकात फुलं विकत बसलेल्या शेवंताच्या पायावरनं चाक नेलं. समोर मी होते. हातात पिठल्याची कढई होती, ती तशीच टाकून धावले. बघणारे होते पुष्कळ, पण अडत्याच्या पोराविरुद्ध साक्षीला उभी राहिली ती मी एकटी. आणि पोराचा वकील होता सरंजामे. तरणाबांड, कोरा काळा कोट.

त्या काळी बाई पिंजऱ्यात उभी राहिली की नवऱ्याच्या नावापाशी अडायचीच. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? म्हणून ह्या कोर्टाची एक रीत पडली होती. कारकून दाराकडं बघायचा, आणि दारातला पुकारेवाला बाईच्या माणसाला विचारून ते नाव मोठ्यानं सांगायचा. झालं काम. आमच्या ह्यांनी अशी किती जणींची अब्रू राखली असेल.

माझ्या वेळीही कारकुनानं दाराकडं बघितलं. दारात हेच. ह्यांच्या ओठावर हसू आलं, स्वतःचंच नाव पुकारायचं ना! तोंड उघडलं.

"थांबा," सरंजामे म्हणाला. "साक्ष बाईची आहे, पट्टेवाल्याची नाही. बाईंनीच सांगावं."

"मला घेता येत नाही, साहेब," मी म्हटलं.

"साहेब, लिहून घ्यावं," तो जज्जाकडं वळला. "जिच्या तोंडातून नवऱ्याचं नाव निघत नाही, तिच्या तोंडातून खरं काय निघणार?"

कोर्टात खसखस पिकली. जज्ज जांभई देत म्हणाले, "सांगा बाई, वेळ नका घेऊ."

"सरळ नसेल येत तर उखाण्यात घ्या," सरंजामे म्हणाला. "लग्नात घेतलं असेल की. आम्हीही ऐकू."

आता पंखेवाल्यापासून सगळे हसायला लागले. मी शेवंताकडं बघितलं. पायाला फळ्या बांधून ती बाकावर पडली होती. तिच्यासाठी म्हणून मी डोळे मिटले, आणि उभ्या उभ्या सुचलं तसं नाव घेतलं.

"ऐकू गेलं नाही," सरंजामे म्हणाला. "पुन्हा एकदा. मोठ्यानं."

घेतलं.

"अजून साहेबांच्या कानापर्यंत आलं नाही. पुकारासुद्धा तीनदा असतो, बाई."

तिसऱ्यांदा घेताना माझा आवाज मध्येच फाटला. दाराकडं बघायची हिंमत झाली नाही. त्यानंतर त्यानं मला जीपचा रंग विचारला, चाक डावं की उजवं ते विचारलं, आणि माझ्या डोक्यात त्या हसण्याशिवाय काही उरलंच नव्हतं. साक्ष वाहून गेली. पोरगा सुटला. शेवंताचा पाय तसाच वाकडा जुळला.

दुसऱ्या दिवशी हे पायरीवर उभे राहिले, नाव पुकारलं, आणि बार रूमच्या खिडकीतनं बाईचा आवाज काढून कुणीतरी ओरडलं, "नाव घेतेऽऽ!" मग रोजचंच झालं. इकडं पुकारा, तिकडं खिडकीतनं नाव घेते. हे आवाज उतरवायला लागले. रोज थोडा थोडा. कबुतरं उठेनाशी झाली. एक दिवस लांबच्या गावचा एक गरीब माणूस खाली चिंचेखाली बसून राहिला आणि त्याचा पुकारा त्याला ऐकूच गेला नाही. दावा निकालात निघाला. ह्यांचा पट्टा काढून घेतला आणि ह्यांना पाण्याच्या माठांवर बसवलं.

घरी तेच. "गोजरेऽऽ" संपलं. काही हवं असलं की बोटानं टकटक करायचे, तांब्यावर, ताटावर, दाराच्या फळीवर. शेवटचं पाणी मागितलं तेही ताटलीवर टकटक करूनच.

म्हणून म्हटलं, आवाज न्यायचा होता.

सोहळ्याला मोठं कोर्ट फुलांनी सजवलं होतं. फुलं शेवंताचीच. मला दुसऱ्या रांगेत खुर्ची होती, शाल-नारळ द्यायचे होते ना, जुनी माहिती पुरवणारी म्हणून. शेवंताला मी शेजारी बसवून घेतलं. पुढच्या रांगेत वकिलांच्या बायका, मागं टायपिस्ट पोरी, वकील पोरी, आणि अगदी मागं भिंतीला टेकून जुने निवृत्त शिपाई नि कारकून. मंचावर न्यायमूर्ती बाई. कपाळाला ठसठशीत कुंकू, चेहरा असा की दुधावरची साय हलणार नाही.

सरंजामे उठला. काय बोलला म्हणता! आवाज त्याचाही चांगलाच. मध सोडल्यासारखा. दगड, कमानी, घड्याळ, विसरभोळा साहेब, हाऱ्यातला जज्ज. लोक रंगून गेले. आणि मग म्हणाला, "आता ह्या वास्तूचं काळीज उघडतो. आपला हा जिना. तो ज्या बायाबापड्यांनी डोक्यावर दगड वाहून उभा केला, त्यांचं हे गीत. शंभर वर्षं ते कुणाच्या कानावर आलं नव्हतं. मी ते शोधून काढलं."

शेवंतानं मला कोपर मारलं. "काय शोधलं ह्येनं?"

"ऐक की."

त्यानं हात जोडले. डोळे मिटले. आणि चाल लावून, लांबवून म्हटलं:

काळ्या दगडाचं कोर्ट, त्याला सागवानी दाऽऽर,
सोपानाचं नाव घेतेऽऽ, न्याय द्या सरकार!

मागं भिंतीपाशी एक म्हातारा कारकून खोकला. मग दुसरा. खोकला नव्हता तो.

शेवंताला हळू बोलणं कधी आलंच नाही, जन्म फाटकात ओरडण्यात गेलेला. ती म्हणाली, "आगं गोजरे! ह्यो तर तुझ्या सोपानरावाचं नाव घेतोय! भर सभेत! जणू ह्योच त्येची बायकू!"

शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं ते.

पुरुषांना कळायला वेळ लागला. बायकांना कशाला लागतोय? "नाव घेते" एवढं कानावर पडलं की बाईला पुढचं सगळं समजतं. पुढच्या रांगेतल्या वकिलिणींनी तोंडाला पदर लावले. टायपिस्ट पोरी एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. सरंजाम्याची बायको मात्र ताठ बसून नवऱ्याकडं बघत होती, तो कुणाचं नाव घेतोय म्हणून.

आणि तो? त्याला वाटलं, गाणं आवडलं! छाती फुगवून म्हणाला, "रसिक आहात! ज्यांच्याकडून मला हे मिळालं त्या आजीबाईही इथं बसल्यायत."

मी उठले.

"ऐकू गेलं नाही, साहेब," मी म्हटलं. "पुन्हा एकदा. मोठ्यानं."

"जरूर!" म्हणाला, आणि खरंच पुन्हा म्हटलं. आधीपेक्षा लांबवून. "नाव घेतेऽऽ" ला तर मान अशी काही वेळावली, की आता हळदीकुंकवाचं ताटच हातात द्यावं. सभा फुटली. खुर्च्या वाजायला लागल्या. मागनं कुणीतरी म्हणालं, "घास भरवा, घास!"

शेवंता एका पायावर उभी राहिली. "राव राह्यला!" ती ओरडली. "ओ वकीलसाहेब, राव राह्यला की! सोपानराव म्हणा! नवऱ्याचं नाव असं उघडंबोडकं घेत्यात व्हय?"

हाच तो मी गिळलेला अर्धा शब्द. तेवढा 'राव' मी चिंचेखाली पोटात ठेवला होता. बाहेर काढायचा मान शेवंताचा.

न्यायमूर्ती बाई माइककडं वाकल्या. चेहऱ्यावरची साय अजून हलली नव्हती. "वकीलसाहेब, हे सोपानराव कोण?"

"सोपान म्हणजे... मायलॉर्ड, सोपान म्हणजे जिना."

"जिन्याला राव लावतात?"

आता छप्पर उडायचं बाकी राहिलं. भिंतीपाशी तो खोकणारा कारकून काठीवर उठला. हसत नव्हता. म्हणाला, "पुकारेवाला होता, साहेब. ह्याच दारात उभा राहायचा. ह्याच वकीलसाहेबांनी त्याच्या बायकोला ह्याच खोलीत हेच नाव घ्यायला लावलं होतं. मी लिहून घेत होतो."

सरंजाम्यानं माझ्याकडं बघितलं. तेव्हा ओळखलं त्यानं मला. डोळ्यांत दिसलं, पाणी गढूळ असतं आणि एकदम तळ दिसतो तसं. मोठ्ठा पिंजरा, तरणी बाई, दारातला लाल पट्टा, सगळं दिसलं त्याला.

"तिसऱ्यांदा राहिलं, साहेब," मी म्हटलं. "पुकारासुद्धा तीनदा असतो."

तोंड उघडलं त्यानं. ओठ हलले. काही आलं नाही. पाणी प्याला, पुन्हा उघडलं. नुसती हवा. मध होता त्या जागी भुस्सा.

मग मला राहवलं नाही. त्या दिवसाआधी त्या खोलीत मी एकदाच बोलले होते, तेही फाटक्या आवाजात. पदर खोचला, आणि ह्यांचं सगळं उरलंसुरलं पोटातनं वर आणून पुकारलं, "दिनकरराव सरंजामेऽऽ, हाजीर होऽऽ!" तीनदा. पहिल्या पुकाऱ्याला मनोऱ्यातली कबुतरं उठली. दुसऱ्याला सरंजामे मागच्या दारानं नाहीसा झाला. आणि तिसऱ्याला मनोऱ्यावरचं घड्याळ, जे वर्षानुवर्षं बंद होतं, त्यानं एक ठोका दिला. खोटं वाटत असेल तर शेवंताला विचारा. शेवंता आता राहिली नाही, म्हणूनच म्हणते, विचारा.

न्यायमूर्ती बाईंनी आपल्या भाषणात ग्रंथालयाचं नावच काढलं नाही. मला शाल त्यांनीच पांघरली, आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "आजी, उखाणा छान आहे." साय तेव्हा हलली.

पण खरी मजा पुढं झाली. स्मरणिका आधीच छापून झाली होती. त्यात सबंध पानभर तो उखाणा, वर शीर्षक "सोपानगीत", आणि खाली सरंजाम्याचा हसरा फोटो. प्रती गोळा करायला त्यानं माणसं पाठवली. एक परत आली असेल तर शपथ. तो जिना चढायला लागला की बार रूमच्या खिडकीतनं बाईचा आवाज यायचा, "राव म्हणा होऽऽ!" पोरंच ती, त्यांना काय. मग त्यानं मागच्या बाजूचा लोखंडी गोल जिना धरला, झाडूवाल्यांचा. त्याच्यावर दोघं समोरासमोर आले की एकाला उलटं उतरावं लागतं. सरंजामेच उतरायचा.

एक दिवस चिंचेखाली आला. रुमाल अंथरला नाही, तसाच बसला. आवाज बसलेला, खरखरीत.

"बाई," तो म्हणाला. आजीबाई नाही, बाई. "तुम्ही एकदा लोकांना सांगा. ते गाणं खरंच दगड वाहणाऱ्या बायांचं आहे म्हणून. तुम्ही सांगितलंत तर मिटेल. शपथेवर सांगा हवं तर."

मी त्याच्यापुढं भाकरी ठेवली. झुणका वाढला. कांदा फोडून दिला.

"सांगितलं असतं, साहेब," मी म्हटलं. "पण मी पडले नवऱ्याचं नाव न घेणारी बाई. माझ्या तोंडातून खरं काय निघणार?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावून तोंडात घातला. मग पाणी हवं होतं वाटतं त्याला. घसा चालेना. बोटानं तांब्यावर टकटक केलं.

मी ऐकलं. सावकाश, हातातली भाकरी पुरी थापून झाल्यावर, उठले आणि पाणी दिलं. चांगलं माठातलं, गार. ह्यांना मी कधी एवढा वेळ थांबवलं नव्हतं.

आता त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. सरंजामे गेला, नवे वकील आले, नवे जज्ज आले. ग्रंथालयाला अजून नाव नाही. पण बाहेरच्या जिन्याला आहे. "वर कुठं शोधताय, अमक्यापाशी भेटू की," असं म्हणताना वकील पोरं अमक्याच्या जागी ह्यांचं नाव घेतात. पक्षकार घेतात. पोलीससुद्धा घेतात. नव्या माणसाला तर वाटतं ते नाव इंग्रजांनीच ठेवलंय.

शेवंता असताना एकदा म्हणाली होती, "गोजरे, आगं सगळी माणसं तुझ्या दादल्यावर पाय दिऊन वर जात्यात की!"

"जाऊ देत," मी म्हटलं होतं. "एका सरंजाम्यालाच तेवढं जाता येत नाही."

अजूनही कधी मी चिंचेखाली जाऊन बसते. चूल आता नातसून बघते. कुणी तारखेला आलेली बाई घाबरीघुबरी होऊन विचारते, "मावशी, कोर्टात कुठनं जायचं?" तिला सगळ्यांनी सांगितलेलं असतं त्या जिन्याचं नाव, पण माझ्या तोंडातून ते कसं निघणार? मी पदर सारखा करते आणि बोट दाखवते.

"ह्यांच्यावरून सरळ वर जा."